दांड्यावरची चिंधी

बाबा, तुमच्या मुलुंडच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसच्या दांड्याला बांधलेली ती चिंधी चार दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मशीनवर नवं काही बसवलं आणि एखाद्या कामगाराला ते पटलं नाही, तर त्याने दांड्याला चिंधी बांधायची. ती असेपर्यंत मशीन बंद. सोडायची तीही बांधणाऱ्यानेच, मालकानेसुद्धा नाही. फोरमन म्हणून हा नियम तुम्ही केला होता. मी तेव्हा वक्तृत्वाच्या ढाली घरी आणत होते आणि सुट्टीत तुमच्याकडे पत्रं टाइप करायला येत होते. एकदा पायाने दाबायची नवी पट्टी बसवलेल्या प्रेसवर चिंधी पाहिली आणि जेवणाच्या सुट्टीत कामगारांपुढे उभी राहिले. एकाच्या भीतीपायी सगळ्यांनी का थांबायचं, असं तावातावाने बोलले. टाळ्या पडल्या. मी चिंधी सोडली. तुम्ही मेन स्विच पाडून माझ्यासमोर येऊन उभे राहता. ओरडत नाही, आपल्या मालवणीत एवढंच विचारता, "चेडवा, ही कोणी बांधल्यान, ता इचारलंस? कित्याक बांधल्यान, ता तरी?" मग तुम्ही सगळ्यांत म्हाताऱ्या कामगाराला हाक मारता. तो प्रेसखाली पुठ्ठा ठेवतो, स्विच चालू करतो, पायपट्टी एकदाच दाबतो. प्रेस खाली येते, वर जाते आणि कोणाचाही पाय नसताना पुन्हा खाली येते. चेपलेला पुठ्ठा माझ्या हातात देत तो म्हणतो, "बोलतेस झकास, पोरी. पण बोटं माझी आहेत ना."

तुम्ही गेल्यावर मी ज्या कामात पडले ते तुम्हाला कारखान्याच्या भाषेतच सांगते. आम्ही बरीच माणसं मिळून फोनसाठी एक प्रोग्रॅम बनवतो. अंध माणसाने कागदासमोर फोन धरला की तो मराठी मजकूर मोठ्याने वाचतो. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याला मालक नाही. कोणीही उघडून बघावा, बदल सुचवावा. कोणाचा आक्षेप असला तर बदल आत जात नाही. पण आम्हा पाचसहा जणांना आक्षेप बाजूला सारायचा अधिकार आहे. तो कधीच कोणी वापरला नव्हता. मग एक बदल आला. पुसट शब्द लागला की प्रोग्रॅम "अस्पष्ट" म्हणून अडखळायचा. आता त्याने अंदाज बांधून सरळ वाचत जावं. जवळजवळ सगळ्यांना हे हवं होतं. घाटकोपरच्या एका अंध शिक्षिकेने आक्षेप घेतला, लांबलचक लिहिला. ऑनलाइन बैठकीत मला एवढंच म्हणाली, "ताई, कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणू दे ना त्याला. मला गोड वाचन नको, खरं हवं." मी उत्तरादाखल अर्धा तास बोलले. अडखळत वाचणं हा अंधांचा अपमान आहे, म्हणाले. अर्ध्या जगाचे दाखले दिले. मग माझ्या हाताने तिचा आक्षेप बाजूला सारला. ती पुन्हा बैठकीला आली नाही.

नवी आवृत्ती तिच्या फोनवर आपोआप आली. चार दिवसांपूर्वी तिने आईच्या गोळ्यांच्या पाकिटावर केमिस्टने पेनने लिहिलेलं वाचून घेतलं. अक्षर पुसट होतं. फोन स्वच्छ आवाजात म्हणाला, "एक." लिहिलं होतं, "अर्धी." पूर्ण गोळी पोटात गेली, रक्तदाब एकदम उतरला, म्हातारी मोरीत पडली. अजून आयसीयूत आहे. शिक्षिकेने आम्हा सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर हे सगळं लिहून खाली दोनच शब्द जोडले, "नोंद असावी." बाबा, हा प्रोग्रॅम आत्ता, या मिनिटाला, कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात अंदाज वाचतोय! काल मी तो बदल काढायची मागणी केली, हातापाया पडले. एक उत्साही मुलगी म्हणाली, "काय ताई, तुम्हीच आम्हाला पेटवलंत, आता तुम्हीच पाणी ओतताय?" दुसऱ्याने माझंच भाषण मला वाचून दाखवलं. माझा आक्षेप त्यांनी तासाभरात बाजूला सारला. रस्ता मीच पाडून दिला होता. ते वाईट नाहीत, बाबा. मी त्यांना जे शिकवलं ते त्यांना पाठ आहे. मी एकटीने गुपचूप बदल काढला तरी कोणीतरी दुपारपर्यंत परत घालेल.

उद्या अंधेरीला सगळे समोरासमोर भेटणार आहोत. त्यांचं मन वळवेल असं एकच वाक्य माझ्यापाशी आहे आणि ते माझं नाही. तिच्या आक्षेपाच्या अगदी शेवटी तिने लिहिलं आहे, "अंदाज वाचायचाच असेल तर आधी 'अंदाज' हा शब्द उच्चारा, मग माझी हरकत नाही." एवढंच मागत होती. पण हे मांडलं की कोणीही विचारेल, मग ताई, तेव्हा का नाही सांगितलंत? आयुष्यभर मैदानं गाजवली आणि त्याचं उत्तर माझ्या तोंडून निघत नाही. तुम्हाला तरी लिहून बघते. भाषण आधीच तयार होतं, बाबा. तिचा आक्षेप मी काल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला.