मेव्हण्याची सिगारेट आणि माझं ट्रेनिंग

३ जून
सिगारेट सोडवणाऱ्या व्हॉलंटियरांच्या ट्रेनिंगला नाव दिलं. दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. वस्तीतल्याच माणसांनी वस्तीतल्या ओढणाऱ्यांना मदत करायची, अशी योजना. मी जन्मात सिगारेटला शिवलेलो नाही. माझ्याइतका लायक माणूस त्यांना मिळणं कठीण.
पहिली केस घरातच आहे. बायकोचा धाकटा भाऊ. ट्रक चालवायचा. पायाचं बोट काळं पडलंय. डॉक्टर म्हणाले, सिगारेट सुटली नाही तर पाय कापावा लागेल. म्हणून आमच्याकडे येऊन राहिलाय. महिनाअखेर सोडवतो.

४ जून, सकाळ
माझ्या चहाच्या बशीत थोटूक. फुगलेलं. शी.

६ जून
ट्रेनिंग देणाऱ्या सिस्टर म्हणतात, उपदेश नको, आधी ऐका. हे मला नव्याने शिकवायची गरज नव्हती.
मग रोल-प्ले. एक रिटायर्ड पोस्टमास्तर ओढणारे झाले, मी मदतनीस. ओढणाऱ्याच्या तोंडाला कसा वास येतो, ते मी त्यांना सविस्तर समजावलं. ते मध्येच उठून खाली गेले आणि कोणाकडून तरी एक मागून ओढली. सोडून बरीच वर्षं झाली होती म्हणे. माणसं मुळातच कच्ची.

९ जून
मेव्हण्याच्या आरशावर सडलेल्या फुफ्फुसाचा रंगीत फोटो चिकटवला. तो फोटोच्या कडेकडेने दाढी करतो.
जेवताना त्याच्या बोटाचा विषय काढला. बायको म्हणाली, चार घास सुखाने खाऊ द्या त्याला. त्याने खाल्ले. मलाच जेवण गेलं नाही. ते बोट सकाळी पाहिलं होतं.

१२ जून
पडदे, उशा, टॉवेल, सगळ्याला धुराचा वास. माझ्या शर्टालासुद्धा. तो दिसला की मी नाक धरून खोकतो, म्हणजे त्याच्या लक्षात राहील. आता तो जिन्यात जाऊन ओढतो. बायकोही त्याच्याजवळ जाऊन बसते. मी म्हणालो, हे लाड आहेत. ती म्हणाली, तो बोलतोय, बोलू द्या.
काय बोलतो, विचारलं. तर घाबरलाय. पाय गेला तर ट्रक कोण चालवणार म्हणून रडतो.
हे त्याने मला सांगायला हवं होतं. ट्रेनिंग कोणी घेतलंय?

१९ जून
मेव्हण्याची सिगारेट बंद. बायको म्हणते, पाच दिवस झाले. फोटोने काम केलं. सिस्टरना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, त्यांना घेऊन या, सगळ्यांना अनुभव सांगू दे. भाषण लिहायला घेतलं.

२७ जून
हॉल भरलेला. मी बोलायला उभा राहिलो, तर सिस्टर म्हणाल्या, आधी त्यांना बोलू द्या.
मेव्हणा म्हणाला, तल्लफ आली की मी ताईशेजारी जाऊन बसतो. ती भाजी निवडत असते, मीही निवडतो. ती काही विचारत नाही. भाजी संपेपर्यंत तल्लफ जाते.
सिस्टरनी विचारलं, आणि भावोजींची काय मदत झाली?
त्याने बराच विचार केला. मनापासून. मग म्हणाला, भावोजी घरात नसले की तल्लफ कमी येते.
कोणी हसलं नाही. पोस्टमास्तरांनी तर मान डोलावली. पुढच्या बॅचला शिकवायला सिस्टरनी बायकोला बोलावलंय.

३० जून, संध्याकाळ
डॉक्टर म्हणाले, बोट जाईल, पाय वाचेल. बायको दवाखान्यातच रडली. मलाही जरा भरून आलं. तिथल्या फिनाईलमुळे असेल.
सिस्टरनी माझ्यावरही एक जबाबदारी टाकली आहे. मेव्हण्याची तल्लफ संध्याकाळी जास्त असते, तेव्हा मी घराबाहेर थांबायचं. म्हणून बागेत आलोय. बाक चिकट. त्यावर कबुतरांची घाण.
शेजारच्या माणसाने सिगारेट पेटवली. मी शब्दही काढला नाही. नुसतं बघितलं. त्याने ती संपवली, माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरी पेटवली.