केंद्र बंद असताना आलेली पाहुणी

आई, आज दुपारी केंद्रात टेबलावर डोकं टेकलं आणि डोळा लागला. रांझीच्या आपल्या फॅक्टरी क्वार्टरचं स्वयंपाकघर दिसलं. हिवाळ्याचं ऊन ओट्यावर सांडलंय, तू पोळ्या लाटते आहेस. फॅक्टरीचा भोंगा वाजतो, पहिली पाळी आत जाते आणि थोड्या वेळानं मागचं दार हळूच ढकललं जातं. बाजूच्या भाभी. गालावर पदर ओढून त्या पाटावर बसतात. तू काही विचारत नाहीस. वरण-भात वाढतेस, वर तूप. मी आठ-नऊ वर्षांची, मला राहवत नाही. "भाभी, भैया आपको मारते क्यों हैं?" त्यांचा घास हातातच थांबतो. तू मला कानाला धरून अंगणात नेतेस. "जेवत्या माणसाला काही विचारू नको. आधी जेवू दे तिला. सांगायचं असंल तं सांगंल." भाभींनी कधीच सांगितलं नाही. एका उन्हाळ्यात त्यांच्या घराला कुलूप दिसलं. भैयांची बदली झाली होती. त्यानंतर कितीतरी दिवस तू मागच्या दाराची कडी लावत नव्हतीस.

तू गेल्यावर मला हे काम मिळालं. घरात मार खाल्लेल्या, अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं केंद्र. दोन खोल्या, पाच खाटा. इथूनच पोलीस, डॉक्टर, वकील यांच्याकडे न्यायचं. सगळं सरकारी निधीवर. यंदा मंजुरी अडकली. आधी स्वयंपाकीण गेली, मग चौकीदार. मग वरच्या कार्यालयाचं पत्र आलं: निधी येईपर्यंत केंद्र बंद, नव्या महिलेला मुक्कामाला ठेवू नये. मी ते पाळलं, आई. तीन बायकांना दारातूनच चिठ्ठीवर दुसरीकडचे पत्ते लिहून दिले.

मग रिछाईच्या एका कारखान्यात काम करणारी एक मुलगी आली. ओठ फुटलेला, गळ्यात अजून ड्युटीचं कार्ड. "दीदी, थोड़ी देर बैठ जाऊँ?" एवढंच म्हणाली. मी पत्रावर हात ठेवून बसले होते. मग उठले आणि खिचडी टाकली. ती जेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. उन्हं उतरेपर्यंत झोपली. मी शेजारी खुर्चीत बसून राहिले. खोलीत तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. नवऱ्याचं तिनं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, तांदूळ निवडता निवडता, आपणहून. मग आम्ही ठाण्यात गेलो.

चौथ्या दिवशी तपासणीला एक मॅडम आल्या. "बंद केंद्र में ये कौन है?"

"मेहमान है, मैडम."

त्यांनी तिच्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "और जिनको लौटाया, वो किस रजिस्टर में हैं?"

कुठल्याच नव्हत्या. परत पाठवलेल्यांची नोंद करायची असते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"जो लिखा ही नहीं, उसके लिए पैसा कौन भेजेगा?"

मी तिथेच बसून आठवेल ते लिहिलं. एक हिरव्या साडीतली. एकीच्या हाताला प्लॅस्टर. एक नुसती फाटकापाशी उभी राहिली आणि चिठ्ठी न वाचताच गेली. नाव एकीचंही नव्हतं माझ्याकडे. मॅडम ते कागद घेऊन गेल्या. काही आठवड्यांनी निधी आला, कमी आला. स्वयंपाकिणीची जागा गेली, खाटा राहिल्या. कागदांमुळे आला का, ठाऊक नाही. मी त्या तिघींना शोधलं, सापडल्या नाहीत. आता दुपारी डोळा मिटला की कधी कधी त्या तुझ्या ओट्यापाशी ओळीनं बसलेल्या दिसतात, आणि तू वाढत असतेस.

ती रिछाईची मुलगी सहा दिवस राहिली. मग कारखान्यात तिच्यासोबत काम करणाऱ्या एका बाईकडे तिला खोली मिळाली. ऑटोत बसता बसता तिनं विचारलं, "दीदी, आपके घर में कौन है?"

एकटी राहते, असं म्हणायला जीभ वळली नाही. म्हटलं, "माँ है. राह देख रही होगी."

तिला बरं वाटलं. हे पत्र तुला पोचवील अशी पेटी नाही, ठाऊक आहे मला. पण तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी असं बोलले, आणि घरी पोचेपर्यंत मलाही ते खरंच वाटत होतं.