कोपऱ्यातला स्टेथोस्कोप

१४ मार्च, शुक्रवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे

प्रिय ताई,

आत्ताच तुझा फोन ठेवला. प्रेसचं शटर अर्धंच वर केलं आहे आणि कटिंग मशीनच्या टेबलावर बसून लिहितो आहे. टिचकीला ताप नाही, अंगावर पुरळ नाही, आणि बिस्किटासाठी तिने भोकाड पसरलं आहे, असं तू म्हणालीस. ते भोकाड मी फोनवर पोटभर ऐकलं. आज एकविसावा दिवस. गोवर निघतो का ते पाहायला नर्सबाईंनी सांगितलेली मुदत आज संपली. मी खुर्चीत बसलो तेव्हा कळलं, की इतके दिवस मी नीट टेकलोच नव्हतो.

रोज सकाळी फोन करून ताप विचारायचो, म्हणून दाजी म्हणाले, या मामाच्या गळ्यात थर्मामीटरच बांधा. बांधा खुशाल. शेजारच्या बंटूला गोवर निघाल्याचं कळलं, तेव्हा आदल्याच दिवशी दोघं एका पेल्यातून पाणी प्यायली होती. मी टिचकीला खांद्यावर टाकून दवाखान्यात पळालो. नर्सबाईंनी तिचं लसींचं कार्ड पाहिलं, गोवराचा रिकामा रकाना पाहिला आणि मला झापलं, इतके दिवस काय मुहूर्त बघत होतात? मग म्हणाल्या, तीन दिवसांच्या आत आलात, लस दिली तर अजून उपयोग होऊ शकतो. सुई टोचली तेव्हा टिचकी ओरडली आणि घाम मला फुटला. नवव्या दिवशी तिचं अंग कोमट लागलं, तेव्हा माझं काय झालं ते सांगत नाही. तो लसीचाच ताप निघाला, दोन दिवसांत उतरला.

बंटू आठवडाभर ऑक्सिजनवर होता. काल त्याला तुमच्या गल्लीत सायकल चालवताना पाहिलं. घंटी सारखी वाजवत होता, कोणी रागावलं नाही. तू मात्र अजून त्याच्या आईच्या दारावरून मान खाली घालून जातेस. लसीने मुलं कायमची अधू होतात, असं सांगणारं ते पत्रक तूच तिला दिलंस, पाळणाघरातल्या आणखी चौघींनाही दिलंस, म्हणून. परवा तू रडत म्हणालीस, मी काय अडाणी आहे का रे, पण त्यावर डॉक्टरांची खूण होती, म्हणून विश्वास ठेवला.

ताई, ती खूण मी टाकली. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ हाताने लिहिलेला कागद घेऊन आले. ते डॉक्टर नव्हते, तसं म्हणालेही नाहीत. मी मजकूर जुळवला, चौकट केली, आणि वर उजव्या कोपऱ्यात दोन इंच जागा मोकळी राहिली. मोकळी जागा माझ्या डोळ्यांना खुपते, तुला ठाऊक आहे. एका दवाखान्याच्या कार्डासाठी केलेलं स्टेथोस्कोपचं चित्र तयार होतं, ते तिथे बसवलं. गृहस्थ खूश झाले. मजकूर खरा की खोटा, हे मी क्षणभरही पाहिलं नाही. ओळी सरळ आहेत ना, एवढंच पाहिलं. पुढे तेच पत्रक तुझ्या फ्रिजवर चिकटवलेलं दिसलं. मी चहा प्यायलो आणि गप्प घरी आलो. सहा महिने गप्प राहिलो.

काल ते गृहस्थ आणखी हजार प्रती मागायला आले. मी नाही म्हणालो. मालक तडकले, पण या पत्रकापायी टिचकीची लस राहिली होती हे तिचं कार्ड दाखवून सांगितल्यावर त्यांनी हट्ट सोडला. फाइल मी पुसून टाकली. समोर बोलायला गेलो की माझी बोबडी वळते, म्हणून हे पत्र. बंटूच्या आईला आणि त्या चौघींना हे वाचून दाखव. ते चित्र कुणा डॉक्टरांनी नाही, माझ्या भावाने टाकलं, असं सांग आणि मान वर करून चाल. त्यांच्या मुलांना दवाखान्यात न्यायला रविवारी मी येतो. माझ्यावर रागाव, पण दार उघड.

तुझाच,
धाकटा

छापलेली पत्रकं पाचशे. परत मिळवली अकरा. बाकी चारशे एकोणनव्वद.
टिचकीचे गोवराचे डोस: घेतला एक, बाकी एक. तारीख मी लिहून ठेवली आहे.