सगुणेच्या शास्त्रातले दोरे

४ नोव्हेंबर १९४४, सातारा
मार्थाचं पत्र, सांगलीहून. डिसेंबरात तिच्या भगिनी मंडळाचा मेळावा. टेबलावर आईचं शास्त्र, तिचं जुनं बायबल, ठेवायचंय. ‘पण अण्णा, जरा बांधून घ्या, पानं गळताहेत.’
माझी सगुणा जाऊन दीड वर्ष होईल. हे पुस्तक पिशवीत घालून तीस वर्षं गावोगाव हिंडली, बायकांना वाचून दाखवत. मी शाळेत कविता शिकवत राहिलो.
दुपारभर साफसफाई. पानोपानी दोरे! लाल, हिरवे, काळे, कुठे जरीची तार. तिला चिंध्या जपायची सवयच होती. सगळे उपटले, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकले. फेकवेनात. शाईचा डाग नसलेली वही तपासताना व्हायचं तसं समाधान.

१३ नोव्हें.
पुस्तक बांधून आलं. लढाईमुळे चामडं नाही, काळं कापड. पण अक्षरं सोनेरी. पूर्वी फुगीर असे, माहेराहून निघालेल्या बाईच्या बोचक्यासारखं. आता शहाण्यासारखं मिटतं. हातात धरलं की आपण होऊन उघडायचं, ते मात्र उघडत नाही. का कोण जाणे, चुकल्यासारखं...
तिसरीची पोरं एका सुरात आर्या म्हणत, तेव्हा स. कुंपणाशी थांबून ऐके. एकदा म्हणाली, “तुमच्या पोरांना सगळं पाठ. माझ्या बायकांना एकेकच ओळ. पण ती त्यांची.” मी हसलो होतो.

१६ नोव्हें.
सकाळी दारात एक बाई. हौसाबाई, पलूसकडची. घरी उसाची शेती. मुलगा पलटणीत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. चार महिने पत्र नाही. चौकशीला दिराबरोबर इथल्या लष्करी कचेरीत आलेली. दीर रांगेत, ही “देवळात जाऊन येते” सांगून माझ्याकडे.
“खोटं न्हाई बोलले. आवं मास्तर, बाईंचं पुस्तक हाय न्हवं? माजा दोरा बघायचा हुता.”
“कसला दोरा?”
“पदराचा, हिरवा. आमाला कुठं वाचाय येतंय? बाई म्हनायच्या, पदराचा येक दोरा द्या, तुमची वळ जितं हाय तितं ठिवते. दर खेपंला तितंच उघडायच्या. माजं बोट धरून वळीवर ठिवायच्या. घरात काय ठिवता येत न्हाई मला. फोटू न्हाई, पुस्तक न्हाई. मालकास्नी कळलं तर भाईर काडतील. येवडी येकच ठेव माजी, ती बाईंपाशी.”
ओळ आठवते का, विचारलं.
“भिऊ नगं, असं हुतं. आन पान्याचं कायतरी. बाई गेल्यापास्नं निम्मी इसरले. पोरासाठनं पुन्यांदा ऐकायची हाय.”
मी म्हणालो, पुस्तक बांधायला दिलंय. पुस्तक माझ्या पाठीमागे फळीवर होतं. मेळाव्याला सांगलीस या म्हटलं.
या वयात खोटं बोललो, तेही स.च्या पुस्तकावरून.

१८ नोव्हें.
भिंग घेऊन पानं धुंडाळतोय. लाल रंग दोन-तीन जागी उतरलाय. हिरवा कुठेच नाही. ‘भिऊ नको’ तर किती ठिकाणी! पाणीही तसंच. दोन्ही जवळजवळ आलेल्या जागाही एकाहून जास्त. कुठली तिची?
स. एकदा म्हणाली होती, “अहो, कुठला दोरा कुणाचा, वहीत उतरून द्या ना.” मी दिंडी रचत बसलो होतो. म्हटलं, नंतर. त्या दिंडीचा शेवटचा चरण अजून जुळायचाय.
डब्यात एक पांढराही दोरा. जाड, टोकाला निळी शाई. पदराचा नव्हे. माझ्या धोतराला कायम शाई लागलेली असे. पण पोत्याचाही असेल, पिशवीचाही. कुठल्या पानात होता? मीच काढला आणि पाहिलं नाही.
रोज शाळेत प्रार्थना सांगितली. माझी स्वतःची ओळ कुठली, कुणी विचारलं तर...

९ डिसें., सांगली
विश्रामबागेत मार्थाकडे. तिला सगळं सांगितलं. रागावली, मग डोळे पुसत म्हणाली, “अण्णा, कुठलीही चांगली ओळ वाचा तिला. सगळ्या देवाच्याच ना?”
पटतं. आणि पटत नाहीही.
मेळावा झाला. पुस्तक शेवंतीच्या हारात. विश्वास म्हणजे शेतात सापडलेली ठेव, यावर एका बाईंचं भाषण, सुरेख. नंतर खेड्यांतल्या बायका ओळीने पुढे आल्या. पुस्तकाच्या कडेवरून वरून खाली बोटं फिरवत होत्या. दोरे शोधत होत्या. एक म्हातारी दोनदा येऊन गेली.
हौसाबाई नाही आली.

१० डिसें.
आली. सकाळी, मागच्या दारी. काल दिराने निघू दिलं नाही. मी एक जागा ठरवून तिथे कागद घालून ठेवला होता. तिने आधी तोच पाहिला.
“ह्यो कागूद कुनाचा?”
मग खोटं बोलणं नाही जमलं. खरं ते सांगितलं, डबा पुढे केला. पहिल्याच खेपेला तिने हिरवा दोरा उचलला. तेच लुगडं अंगावर, विटलेलं. पदराला लावून पाहिला.
“कुठं हुता ह्यो?”
“ठाऊक नाही. मीच काढला.”
आत मार्थाची भांडी वाजायची थांबली.
“लय शिकल्यालं मानूस तुमी,” हौसाबाई म्हणाली. “आन असं केलंसा.”
मान वर करवेना. तिने दोरा पदराच्या टोकाला बांधला आणि म्हणाली, “पयल्या पानापास्नं वाचा. माजी आली की मी वळखीन.”
“अहो, वर्षं लागतील.”
“मग? तुमास्नी कुठं शाळंला जायाचंय?”
मार्था आत फिसकन हसली.

४ जानेवारी १९४५, पलूस
धर्मशाळेचा ओटा. दुसरी बैठक. मास्तर मुलाला पत्र लिहून देतात, असं हौसाबाईने घरी सांगितलंय. म्हणून आधी पत्र खरंच लिहितो, मग वाचतो. तिकडून उत्तर नाही अजून.
बरोबर आणखी दोघी. एकीला तिचा दोरा डब्यात सापडला, एकीला नाही. तरी बसली.
आज जगबुडी. चहूकडे पाणी. मी थांबून विचारलं, हेच का?
“न्हाई. ह्यात लय पानी हाय. माज्यात कमी हुतं.”
बऱ्याच पानांनी पहिलं ‘भिऊ नको’ आलं. हौसाबाईने डोळे मिटले. दोरा बोटाभोवती इतका आवळला की नख पांढरं पडलं. मग हळूच म्हणाली, “ह्यात पानी कुठाय?”
पांढरा दोरा माझ्या खिशात असतो. वाचताना मीही कान देऊन असतो, आपलं येतंय का. आज एका साध्याच ओळीपाशी आवाज अडकला. माझी होती, की नुसती धाप, कळेना. परत वाचून पाहिली. तरी कळेना.
“दमलासा व्हय मास्तर?” हौसाबाई म्हणाली. “तांब्या हाय तितं. घोटभर घ्या, आन म्होरं वाचा.”
पाणी प्यालो. पुढे वाचलं.