पहिल्या वळणावर चूक कुणाची

चैत्र वद्य तृतीया, १९५४

यात्रेतल्या शर्यतीत पहिल्याच वळणावर आमच्या यांची बैलगाडी बोदवडच्या सुपडूच्या गाडीवर आदळली. सुपडूच्या बैलाचं शिंग मोडलं. तरी आमचं गाव चूक सुपडूचीच म्हणून ओरडत होतं, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा. मी काहीच पाहिलं नव्हतं. खोटं कशाला लिहू.

चाकोऱ्यांवरून कोण आत घुसलं ते कळलं असतं, पण बैल उठवायला धावलेल्यांनी त्या तुडवून टाकल्या. मग पंच नाना म्हणाले, "आपापल्या बैलाच्या कपाळावर हात ठेवा आन सांगा." ज्याची चूक, त्यानं पुन्हा शर्यतीत कासरा धरायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. यांचा तर जीवच त्या कासऱ्यात.

सुपडू बोलायच्या आधी यांनी बैलाच्या कपाळावर हात ठेवला. "चूक मनी शे, नाना. त्यानी गाडी पुढे व्हती. मी आत घुसाडी."

धाकटा दीर चिडला. "भाऊ, कोनी इचारं व्हतं तुले?"

"बैलनी इचारं," हे म्हणाले.

वीस वर्षं या माणसाला मी मुखदुर्बळ म्हणत आले. आज तोंड उघडलं ते असं. कपाळावरचा तो हात जरासुद्धा हलला नाही. मला जमलं असतं का? नसतं.

उद्या हे शिंगाला लावायला हळद-तेल घेऊन बोदवडला निघालेत. मीही जाणार. ओरडले मी, मग माफी यांनी एकट्यानं का मागायची?