जिन्यावरचा नाच

१२ फेब्रु. ८६, श्रूजबरी
बाहेर बर्फ. टीव्हीवर लागलेला एक जुना अमेरिकन सिनेमा वीणानं माझ्यासाठी टेप करून ठेवला होता. सूनबाईंना माझी आवड कळते. दुपारी लावला, आणि हा तर नागपूरला कॉलेजात असताना पाहिलेला. नाव विसरलो होतो, पण ती लिफ्टवाली मुलगी दिसली आणि ओळख पटली. गोष्ट यथातथाच. हॉटेल बुडायला आलंय आणि सगळे नाचताहेत. तिचा जिन्यावरचा नाच आला. पावलं चक्क भुजंगप्रयातात, लगागा लगागा. गुरुजी असंच बाकावर छडीनं वृत्त वाजवायचे.
पण नाच एकदाच झाला. मला दोनदा आठवतोय. दुसऱ्यांदा अगदी तस्साच.

१३ फेब्रु.
टेप पहिल्यापासून पुन्हा पाहिली. एकदाच.
वीणा म्हणाली, "बाबा, टीव्हीवाले मधलं कापतात कधी कधी." असेल. पण एकच नाच दोनदा मुळात घालतील कशाला?
जेवताना हे बोलायला नको होतं. संजय म्हणाला, "परवा तुम्ही गॅस चालू ठेवलात. मेमरीची टेस्ट करून घेऊ. सोमवारी दुपारची अपॉइंटमेंट घेतो."
मी चौथीतली कविता न अडखळता म्हणून दाखवली.
"कविता नको, बाबा. काल भाजी काय होती?"
भाजी... हिरवी होती.
रिपोर्ट बरा नसेल तर एप्रिलात नागपूर नाही. तिकडे एकटं राहू देणार नाही म्हणतो. माझं स्वतःचं घर आहे तिथं.

१५ फेब्रु.
बापूला फोन. हल्ली तोही इकडे अमेरिकेतच, नोव्हायला मुलीकडे असतो. सिनेमाला आम्ही दोघं होतो.
"अबे, नाच एकच होता. पब्लिक वन्स मोअर ओरडलं, म्हणून ऑपरेटरनं रीळ मागे घेऊन परत दाखवला. सगळ्यात जोरात कोण ओरडलं? तू."
वन्स मोअर! कसं सुचलं नाही मला.
संजय दुसऱ्या फोनवर ऐकत होता. हसला. किती दिवसांनी. "ओके बाबा, तुमचंच बरोबर. बापूकाका इतक्या खात्रीनं सांगताहेत. सोमवारी सकाळी फोन करून कॅन्सल करतो."

१६ फेब्रु., रविवार
संध्याकाळी बापूचाच फोन. घरात मी एकटा.
"अबे, आणखी आठवलं. तिचा तो झगा. लालभडक. गिरकी घेतली की नुसता पेटायचा."
सिनेमा काळापांढरा आहे.
मी त्याला तसं म्हणालो नाही. फार खुशीत होता. पण मग वन्स मोअर? तेही असंच, की खरं? माझ्या बाजूनं बोलणारा तो एकटाच.
संजय सकाळी फोन करणार. त्याआधी त्याला सांगायला हवं. की...
मघापासून डोळे मिटून तो जिना बघतोय. आता मलाही झगा लालच दिसतोय.