गाण्यातला चंद्र

प्रिय ताराचंद,

धरमपेठेतल्या तुझ्या सत्काराला तुझ्या बहिणीला, सुभद्राला घेऊन ये म्हणालास. तिनं तुझं वाळवंटातल्या राणीचं गाणं मोबाइलवर ऐकलं आणि म्हणाली, "दादा, अर्थ सांग गा मले."

कवितेचा अर्थ सांगायचा म्हटलं की मी अजून शाळेतल्या बाकावर जाऊन बसतो. रंगात येऊन तिला सांगू लागलो. वाळवंट म्हणजे कळमन्यापासून दवाखान्यापर्यंतचा, मे महिन्यात तू पायी तुडवलेला रस्ता. अनवाणी राणी म्हणजे तू, सुभद्रा. तुझ्या भावानं तुझं सोसणं केवढं मोठं केलं बघ.

"अन् राणीच्या पदरातला चंद्र?"

मी ती ओळ परत लावली.

"ते माहं लेकरू," तीच म्हणाली. "गाण्यात ते पहाटे निजते. माह्या खांद्यावर भर दुपारीच गेलं."

तिनं गाणं पुन्हा शेवटपर्यंत ऐकलं.

"ताराभाऊची स्कूटर तवा अंगणात उभी होती. ते कोणत्या ओळीत हाये गा?"

मी शोधलं. कुठल्याच ओळीत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला आधी कळू द्यायचं नाही, असं तिनं बजावलंय. रविवारी आम्ही येतो. ती पहिल्या रांगेत बसणार आहे आणि तुझं भाषण संपलं की हेच तुला विचारणार आहे.

तुझा आतेभाऊ,
नामदेव